शिवारातली इंग्रजी वर्गात आणा!

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून शिकवली जाते. त्याआधी ती पाचवीला यायची. पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी खेड्यातल्या बऱ्याच पोरांच्या पोटात इंग्रजीच्या तासाला गोळा येतो. फळ्यावरचं वहीत उतरवायचं, दहा वेळा लिहायचं आणि परीक्षा झाली की विसरायचं. यात पोरांचा दोष नाही. दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळून सगळे विषय शिकवणाऱ्या गुरुजींचाही नाही.

शेतीखात्याच्या माणसाने यात का पडावं, असं कुणी म्हणेल. कारण सरळ आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याची कारणं अनेक होती. पण डब्यावरचं लेबल वाचता आलं तर माणूस सावध होतो, हे नक्की. माहितीपत्रकात आपली भाषा असली तरी अक्षर मुंगीएवढं! लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लाल-पिवळ्याला ‘पॉयझन’, निळ्याला ‘डेंजर’ आणि हिरव्याला ‘कॉशन’ हा शब्द असतो. हे तीन शब्द घराघरातल्या एका पोराला जरी वाचता आले, तरी मोठं काम होईल.

पोराला इंग्रजी येते!

मोटर, पंप, स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, ड्रिप, ट्रॉली हे शब्द शेतकऱ्याचं पोर रोज बोलतं. फक्त ते इंग्रजी आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. खताच्या गोणीवर १०:२६:२६ असतं, म्हणजे शेकडा १० नत्र, २६ स्फुरद, २६ पालाश. त्यावर एन, पी, के ही अक्षरं आयतीच मिळतात. धड्यातल्या परक्या फळांपेक्षा इथून सुरुवात सोपी.

गुरुजी, बाई, एवढं करून पाहा

१) आधी गोष्ट मराठीत समजू द्या, मग इंग्रजी शब्द द्या. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या पोराला तर मराठीही दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. त्याच्या बोलीतला शब्द त्यालाच विचारा आणि तोही फळ्यावर लिहा.

२) लिहिण्याआधी ऐकू द्या, करू द्या. ‘ओपन द डोअर’ म्हणा आणि दार उघडायला लावा. कृतीतून ऐकलेलं डोक्यात बसतं.

३) वाक्याचा सांगाडा द्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ‘मी पाणी पितो’. इंग्रजीत ते मध्ये येतं, ‘आय ड्रिंक वॉटर’. हा फरक समोरासमोर लिहून दाखवा. मग ‘पाणी’ची जागा दूध, ताक, चहा यांनी भरू द्या.

४) प्रश्न विचारल्यावर लगेच दुसऱ्याकडे वळू नका. मनात पाच आकडे मोजा. आधी शेजारच्याशी बोलू दिलं की लाजरं पोरही तोंड उघडतं.

५) चुकलं तर वर्गाला हसू देऊ नका. ‘ही गो’ म्हणालं तर ‘हो, ही गोज’ एवढंच म्हणून पुढे चला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. औषधाचा रिकामा डबासुद्धा वर्गात आणायचा नाही. त्रिकोण रंगीत खडूने फळ्यावर काढावा. धुतलेली बियाण्याची पिशवीही नको, कारण बियाण्याला औषध चोळलेलं असतं.

आईबापांनीही हात लावावा. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नये. लाईट बिल किंवा मोटरवरची पाटी पोराकडून वाचून घ्यावी. अडलं तर रागवू नये. पेरलेलं बी आपण दुसऱ्या दिवशी उकरून बघत नाही. ओल धरून ठेवतो. भाषेचंही तसंच आहे.