कोपराची मुदत

नागपूरहून भंडाऱ्याकडे येणाऱ्या महामार्गालगत, १९६४ साली उभ्या राहिलेल्या आयुध निर्माणीच्या आश्रयाने जे जवाहरनगर वसले, त्याच्या वसाहतीबाहेर पाऊल टाकताच धानाच्या बांध्या सुरू होतात. आणि आषाढ-श्रावणात त्या बांध्यांतून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटणाऱ्या, त्यांच्या पेंड्या बांधणाऱ्या आणि चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांची रांग दिसते. वसाहतीत पाना आणि पेचकस चालविण्यात उभी हयात घालविलेला फिटर, भंडारा शहरात पितळेच्या भांड्यावर ठोके घालणारा कारागीर आणि बांधीतली ही रोजंदार बाई, या तिघांनीही टेनिसची रॅकेट जन्मात हाती धरलेली नसते. तरीसुद्धा कोपराच्या बाहेरच्या अंगाला उठणारी, मनगटापर्यंत उतरणारी आणि चहाची कपबशी उचलतानाही हात थरथरविणारी कळ घेऊन त्यांच्यापैकी कोणी दवाखान्यात गेले, तर त्यांच्या केसपेपरवर ‘टेनिस एल्बो’ हेच नाव लिहिले जाते. हे नाव ऐकून आपल्याला दुसऱ्याच कुणाचा रोग चिकटविला, अशी रुग्णाची समजूत होते, आणि नावाविषयीचा हा अविश्वास पुढे उपचारांवरही उतरतो. म्हणून आरंभी नावाचाच खुलासा करणे इष्ट आहे.

या व्याधीचे पहिले वैद्यकीय वर्णन १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने केले, ते टेनिसच्या नव्हे तर लेखणी चालवून हात आखडणाऱ्या लोकांच्या संदर्भात. पुढे दहा वर्षांच्या आत इंग्लंडमध्ये हिरवळीवरच्या टेनिसची लाट आली, तेथील डॉक्टरांना हे दुखणे खेळाडूंच्या हातात दिसले, आणि कारकुनाच्या दुखण्याला खेळाडूचे नाव मिळाले. प्रौढांपैकी साधारणतः शंभरात एक ते तीन जणांना, बहुधा वयाच्या पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान, ते होते; त्यांतले टेनिसपटू थोडेच. आपल्या भाषेत कोपर हा शब्द संस्कृत ‘कूर्पर’ या शब्दावरून आला, आणि सुश्रुताने शरीरातील मर्मस्थानांची गणना करताना कूर्पराची नोंद मर्म म्हणून केली आहे. ही जागा नाजूक आहे, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे.

दुखणे कोपरात असले तरी त्याचे कारण मुठीत असते, ही गोष्ट ध्यानात आल्यावाचून या व्याधीचा उलगडा होत नाही. आपण एखादी वस्तू घट्ट धरतो, तेव्हा बोटे आत वळतात. परंतु मनगटही त्यांच्याबरोबर आत वळले तर मुठीतले बळच नाहीसे होते, म्हणून हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू मनगटाला मागे ताणून स्थिर ठेवतात. या स्नायूंची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, कोपराच्या बाहेरील हाडाच्या उंचवट्यावर बांधलेली असते. पेंडी आवळताना, हातोडा मारताना, ओले लुगडे पिळताना, भरलेली बादली तळवा खाली ठेवून उचलताना, प्रत्येक वेळी ताण येतो तो या एवढ्याशा जागेवर. हात सरळ ठेवून, तळवा खाली करून खुर्ची पाठीकडून उचलू पाहिल्यास तेथे कळ येते, आणि तळवा वर करून तेच वजन उचलल्यास बहुधा कळ कमी असते. ही परीक्षा कोणालाही घरी करून पाहता येईल.

बरीच वर्षे डॉक्टरही या व्याधीला कंडरेचा दाह समजत असत. १९७९ साली अमेरिकेतील निर्शल आणि पेट्रोन या शल्यवैद्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या आधारे निराळीच गोष्ट पुढे मांडली: दुखण्याच्या जागी दाहाच्या पेशी जवळजवळ नसतात, तेथे असतात ते विस्कटलेले तंतू आणि बेढब वाढलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. झीज आणि दुरुस्ती यांचा हिशेब जमेना, म्हणून अर्धवट राहिलेले ते काम असते. कंडरेला रक्ताचा पुरवठा मुळातच तुटपुंजा असल्याने ही दुरुस्ती आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागते. सुमारे दहांपैकी आठ ते नऊ जण वर्षभरात बरे होतात. ही वार्ता दिलासा देणारी खरी. परंतु ज्याची उद्याची मजुरी आजच्या हातावर अवलंबून आहे, त्याला वर्षाची मुदत सांगणे म्हणजे काय, हे सांगणाऱ्याने विसरता कामा नये.

जवाहरनगरपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्समधील क्रिकेटच्या मैदानावर, या व्याधीची एक कथा वर्षाच्या अंतराने दोनदा घडली. २००४ सालच्या ऑगस्टमध्ये हॉलंडच्या दौऱ्यावर सचिन तेंडुलकर याचे कोपर दुखू लागले. इंग्लंडमधले सामने हुकले, मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटीही हुकल्या, आणि २६ ऑक्टोबर २००४ रोजी नागपुरात सुरू झालेल्या तिसऱ्या कसोटीत तो परतला. त्या सामन्यात त्याच्या ८ आणि २ धावा झाल्या, भारत ३४२ धावांनी हरला आणि मालिकाही गेली. त्या अपयशाचा सगळा भार कोपरावर टाकणे न्याय्य होणार नाही. कारण अवघ्या दीड महिन्याने ढाक्यात त्याच हातांनी त्याने नाबाद २४८ धावा काढून सुनील गावसकर यांच्या ३४ कसोटी शतकांशी बरोबरी साधली. हे दुखणे असेच फसवे असते: मध्येच ओसरते, माणूस निर्धास्त होतो आणि ते पुन्हा उचल खाते. २००५ सालच्या मे महिन्यात लंडनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या दिवसांत मुलाची बॅटही धड उचलवत नव्हती, असे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. जगातील उत्तमोत्तम वैद्य ज्याच्या दिमतीला होते, त्यालासुद्धा मैदानावर यायला पाच महिने लागले. २५ ऑक्टोबर २००५ रोजी श्रीलंकेविरुद्ध तो पुन्हा खेळला, तो योगायोगाने याच नागपूरच्या मैदानावर, आणि त्याने ९३ धावा केल्या. त्या डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक झाले, आणि पुढे तो आठ वर्षे कसोटी क्रिकेट खेळला.

मला या कथेत धावांपेक्षा ते पाच महिने महत्त्वाचे वाटतात, कारण आपल्याकडे याच काळाला टाळण्याची धडपड चालते. दुखऱ्या जागी स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले की चार-सहा दिवसांत हात हलका होतो, आणि मजुरी बुडू नये म्हणून पुष्कळ जण तेच मागून घेतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे १९८ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंजेक्शन घेतलेले रुग्ण सहाव्या आठवड्यात सर्वांच्या पुढे होते; परंतु त्यांपैकी बऱ्या झालेल्यांतले ७२ टक्के पुढे पुन्हा दुखण्यात सापडले, आणि वर्षाअखेर ते, व्यायाम केलेल्यांच्याच नव्हे तर केवळ वाट पाहिलेल्यांच्याही मागे पडले. वेदना थांबते, हात पुन्हा पूर्ववत राबविला जातो, आणि कंडरा मात्र तशीच कच्ची असते. म्हणून इंजेक्शनची मागणी करण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना वर्षभरानंतरचे काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. हात गळ्यात बांधून महिनाभर निश्चल ठेवणेही तितकेच गैर. भार न मिळालेली कंडरा अधिकच दुबळी होते. जोरकस मालीश करून घेणे तर टाळावेच.

कंडरेला हवा असतो तो बेताबेताने वाढणारा भार. पहिल्या एक-दोन आठवड्यांत, विशेषतः कळ तीव्र असताना, कोपर ते मनगट हा भाग टेबलावर टेकवून, तळवा खाली ठेवून, दुसऱ्या हाताने पंजावर दाब द्यावा आणि दुखरा पंजा वर उचलू पाहावा, पण प्रत्यक्षात तो हलू देऊ नये. हा ताण तीस ते पंचेचाळीस सेकंद टिकवून सोडावा, आणि असे चार-पाच वेळा करावे. ते सोसू लागले की अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे अर्धा किलो वजन, दुखऱ्या हातात घ्यावे, मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवून दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर न्यावा, आणि खाली मात्र त्याच्याच बळावर, मनात चार-पाच मोजीत, सावकाश सोडावा. दहा-पंधरा वेळा, असे तीन फेरे. या सावकाश खाली सोडण्यातच उपचाराचे मर्म आहे. व्यायामात थोडी कळ आली तर भिऊ नये. ती सोसवण्याजोगी असावी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलेली असावी. निवली नसेल तर वजन कमी करावे, व्यायाम सोडू मात्र नये. बारा आठवडे हा शिरस्ता पाळावा लागतो, आणि फिजिओथेरपिस्टने खांद्याची व पाठीची ताकदही तपासून पाहिली तर अधिक उत्तम, कारण खांदा दुबळा असला की त्याच्या वाटणीचे काम मनगटाच्या माथी येते. पट्टा वापरायचा झाल्यास तो दुखऱ्या हाडावर न बांधता त्याच्या दोन बोटे खाली बांधावा. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाच्या किंवा पित्ताच्या रुग्णांनी मनाने घेऊ नयेत.

राहिला कामाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत कठीण. विळ्याच्या किंवा हातोड्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे दिले की मूठ भरीव होते आणि आवळावे कमी लागते. बादली अर्धी भरून दोन खेपा कराव्यात. कपडे नळाला अडकवून, दोन्ही हातांनी पिळावेत. वस्तू उचलताना तळवा वर आणि कोपर अंगालगत ठेवावे. पऱ्हे उपटणे आणि रोवणे ही कामे बाया आपसांत दिवसातून दोन-तीनदा अदलून घेऊ शकतात, आणि गुत्त्याने काम घेतलेल्या टोळीत एकीच्या हातासाठी एवढी तजवीज करणे अशक्य नाही. ती करावी, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

बोटांना मुंग्या येणे, मानेतून कळ उतरणे, बोटे वर उचलता न येणे, कोपर अडकणे, किंवा सांधा लाल होऊन ताप येणे ही लक्षणे टेनिस एल्बोची नव्हेत. ती दिसताच डॉक्टरांकडे विनाविलंब जावे. नीट व्यायाम करूनही सहा महिने ते वर्षभर गुण आला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

श्रावणाच्या आरंभी ज्या बाईचे कोपर रोवणीत दुखावले, तिची पुढची मोठी मेहनत म्हणजे दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी. या दोहोंमध्ये तीन महिन्यांच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा आठवडे, मोकळे असतात. बांधीत पाणी राखून धान आपल्या गतीने निसवू लागते, निंदणीचे हलके काम तेवढे उरते, आणि घरी टेबल नसेल तर ओसरीच्या कडेवर हात टेकवून पाण्याची बाटली रोज तीन फेरे खाली सोडता येते. श्रावणाच्या उत्तरार्धात अर्धी भरलेली, भाद्रपदात पुरी भरलेली, आणि आश्विन लागता लागता एक लिटरची.