पंधरा दिवस आणि बीजगणिताचा पेपर

आज नवीन धडा नाही, पण वही-पेन जवळ असू द्या.

पहिल्या वर्षाचा बीजगणिताचा पेपर जवळ आला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "सगळी उदाहरणं दोनदा केलीत, पण पेपर समोर आला की सुचतच नाही." बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलंही हे सांगतात. काही जण गणित विषयच सोडायचं म्हणतात. सोडा हवं तर, पण त्याआधी अभ्यास कसा करता ते एकदा बघू.

शब्दांचं आधी सांगतो, कारण तुम्ही निरनिराळ्या राज्यांतून ऐकता. महाराष्ट्रात आणि बेळगावकडे ज्याला वर्गसमीकरण म्हणतात, तेच इंदूर-बडोद्याकडे द्विघात समीकरण आणि इंग्रजी माध्यमात क्वाड्रॅटिक. घाबरायचं कारण नाही, वस्तू एकच.

आता मुख्य गोष्ट. पुस्तकात 'वर्गसमीकरणे' या प्रकरणाखालची वीस उदाहरणं तुम्ही ओळीने सोडवता. पहिल्या दोनांनंतर हात आपोआप चालतो. पण इथे रीत कोणती वापरायची, हे तुम्ही ठरवलेलंच नसतं, ते प्रकरणाच्या मथळ्याने ठरवलेलं असतं. पेपरात मथळा नसतो. म्हणून 'येतं, पण सुचत नाही'.

अमेरिकेत डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली याच गोष्टीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची उदाहरणं सलग केली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर राहिले! सराव करताना जड जात होतं, तेच पुढे उपयोगी पडलं. एका प्रयोगावर सगळं तोलू नये हे खरं, पण वर्गात मला दिसतं ते याच्याशी जुळतं.

तेव्हा असं करा. प्रत्येक प्रकरणातली पाच-सहा उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवा, प्रकरणाचं नाव न लिहिता. डब्यात टाका, हलवा, एक उचला. लगेच सोडवायचं नाही. आधी मोठ्याने सांगा: हे कशाचं आहे आणि पहिली पायरी कोणती. अर्ध्या तासात वीस चिठ्ठ्या होतात. जिथे अडलात तेवढीच पूर्ण सोडवा, तीही कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून. सोडवलेलं उत्तर नुसतं वाचून मान डोलावणं म्हणजे दुसऱ्याला पोहताना बघणं.

दुसरी गोष्ट ताळ्याची, आणि इथे हकनाक गुण जातात. हे घ्या:

√(क्ष + ७) = क्ष − ५

दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ० येतं. मुळं ९ आणि २. बहुतेक जण इथेच खाली रेघ मारतात. आता मूळ समीकरणात घालून बघा. ९ घातल्यावर दोन्हीकडे ४. २ घातल्यावर डावीकडे ३, उजवीकडे −३. म्हणजे २ हे मूळ नाहीच, ते वर्ग करताना आत शिरलं. ३ आणि −३ वेगळे, पण त्यांचे वर्ग सारखे. वर्ग केला की हा फरक पुसला जातो. म्हणून वर्ग केला असेल तिथे ताळा करायलाच हवा.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात माकडांचं एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतं. समीकरणाची उत्तरं ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात! पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून तीन माकडं कशी वजा करणार? म्हणून आचार्यांनी ५ नाकारलं. शाब्दिक उदाहरणात ताळा समीकरणाशी पुरत नाही, गोष्टीशीही करावा लागतो.

असमानतेबद्दल थोडक्यात. क्ष² > ९ दिसलं की हात क्ष > ३ लिहितो आणि क्ष < −३ राहून जातं. संख्यारेषा काढा, दहा सेकंद लागतात.

डब्यातली पहिली चिठ्ठी मीच देतो: लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १, पाया १०. दोन मुळं येतील. त्यातलं कोणतं टाकायचं आणि का, हे एका वाक्यात लिहून ठेवा. पुढच्या भागाची सुरुवात तिथूनच करू.