आवाजाला घुमारा कोणता द्यावा?

खोपटसारख्या गजबजलेल्या वस्तीत, एस.टी. आगाराच्या आसपास, घरातल्याच खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर खिडक्या लावून भिंतींवर गोधड्या आणि जाड पडदे टांगावे लागतात. त्याने हॉर्न पुरते थांबत नाहीत. खोलीचा घुमारा मात्र जातो! गळा कोरडा ऐकू येतो. त्याला पुन्हा भोवताल मिळवून देणे हे मिक्सिंगमधल्या रिव्हर्बचे काम.

रिव्हर्ब म्हणजे प्रतिध्वनी नव्हे. विजापूरच्या गोल घुमटात टाळी सुटी सुटी परत येते, तो प्रतिध्वनी. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हटला की परतणारे असंख्य आवाज एकमेकांत मिसळून रेंगाळतात, तो घुमारा.

संगणकावर आज हॉल, रूम, प्लेट, स्प्रिंग अशी नावे दिसतात. हॉल आणि रूम म्हणजे मोठी आणि लहान जागा, हे उघड आहे. प्लेट मात्र जागाच नाही. १९५७ साली जर्मनीतील ईएमटी कंपनीने सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत टांगून, आवाजाने तो थरथरवून घुमारा मिळवला. आज त्या पत्र्याची नक्कल संगणक करतो. प्लेटचा घुमारा लगेच दाट होतो, उजळ असतो. गळ्याला तो शोभतो. पण 'स', 'श' जास्त सळसळतात, तेव्हा वरचे स्वर थोडे कापावेत. स्प्रिंगचा झणझणाट गिटारला ठीक.

निवड करताना आधी लय मोजावी. मिनिटाला १२० मात्रांच्या अभंगात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यावर अडीच सेकंदांचा हॉल लावला, तर पाच मात्रांचे शब्द एकमेकांवर चढतात. भक्तिगीत म्हटले की मोठा हॉल, ही सवय मला पटत नाही. अभंग शब्दांसाठी ऐकायचा. तिथे सेकंदभराची प्लेट किंवा रूम पुरे. संथ भावगीताला हॉल खुशाल द्यावा, पण गळ्यानंतर वीस-तीस मिलिसेकंद थांबून तो सुरू करावा, म्हणजे शब्दाची सुरुवात स्वच्छ राहते.

डग्ग्याला लांब घुमारा दिला की सगळाच गदळ होतो. टाळांना तर जवळजवळ नकोच. तानपुरा स्वतःच जागा भरतो.

शेवटी आवाज अगदी कमी करून, गाणे पूर्वी न ऐकलेल्या माणसाला ऐकवावे आणि शब्द लिहून काढायला सांगावे. जिथे तो अडेल, तिथे आधी घुमारा कमी करून पाहावा.