फाईल न उघडता हवी ती ओळ

सर्व्हरच्या नोंदींची फाईल चार जीबीची आणि हव्या आहेत फक्त ५०० ते ५१० या ओळी. आता ती एडिटरमध्ये उघडावी लागणार, असंच बहुतेकांना वाटतं. तशी काहीही गरज नसते. सेड ही आज्ञा एकेक ओळ वाचत पुढे जाते, अख्खी फाईल मेमरीत घेत नाही. तिला 'एन' पर्यायासह '५००,५१०पी' सांगितलं की तेवढ्याच ओळी पडद्यावर येतात. मात्र त्यानंतरही ती शेवटपर्यंत वाचत राहते आणि मोठ्या फाईलमध्ये इथेच वेळ जातो. सोबत '५१०क्यू' जोडलं की काम तिथेच थांबतं.

मोठ्या मजकुराची अडचण जुनीच आहे. बेल लॅब्समधल्या ली मॅकमहन यांना अमेरिकेतल्या 'फेडरलिस्ट' निबंधांचा अभ्यास करायचा होता. हे निबंध ८५. त्या काळच्या ईडी एडिटरला ते झेपेनात. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी त्या एडिटरमधला शोधाचा भाग वेगळा काढला आणि १९७३ मध्ये ग्रेप ही शोधाची आज्ञा युनिक्समध्ये दाखल झाली. पुढे सेड लिहिली ती मॅकमहन यांनीच.

ग्रेपला जे लिहून द्यावं तेच ती शोधते, हा समज सर्वात महागात पडतो. तिच्या लेखी टिंब म्हणजे 'कोणतंही एक अक्षर'. त्यामुळे १९२.१६८.१.१ हा पत्ता शोधताना १९२.१६८.१२१.७ असलेली ओळही हाती लागते. मोठा 'एफ' पर्याय दिला तर टिंब टिंबच राहतं, पण १९२.१६८.१.१० तरीही सापडतो, कारण हवा असलेला पत्ता त्याच्या पोटातच आहे. तो टाळायला लहान 'डब्ल्यू'ही हवा.

ग्रेपचा लहान 'सी' पर्याय शब्द मोजतो, असंही अनेक जण धरून चालतात. तो ओळी मोजतो. एका ओळीत शब्द तीनदा आला तरी मोजणी एकच.

या आज्ञा मूळ फाईल बदलतात ही भीतीही निराधार आहे. ग्रेप फक्त वाचते. सेडसुद्धा 'आय' पर्याय दिल्याशिवाय फाईलला हात लावत नाही. खरा धोका वेगळाच. निकाल '>' वापरून त्याच फाईलमध्ये वळवला, तर ग्रेप वाचायला बसण्याआधीच शेल ती फाईल रिकामी करतं. निकाल नेहमी दुसऱ्या नावाने साठवावा.

मराठी मजकुरात आणखी एक पेच आहे. 'तऱ्हा' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ग्रेप मात्र साठवलेले संकेत जुळवते, त्यामुळे एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलेल्या ओळी निमूट सुटतात आणि शोध पुरा झाल्यासारखा वाटतो. लहान 'ई' पर्याय दोनदा वापरून दोन्ही रूपं एकाच आज्ञेत द्यावीत.