आपली एकी, त्यांचा गठ्ठा

4 जून 2024. धुळ्यात आमच्या घरी टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमली होती. लोकसभेच्या मतमोजणीत शेवटपर्यंत कुणालाच काही कळेना. अखेर डॉ. शोभा बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या, डॉ. सुभाष भामरे हरले. शेजारचे एक काका म्हणाले, "बघा, ते लोक कसे गठ्ठ्याने मतदान करतात!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

गंमत अशी, की याच काकांनी मतदानाच्या आठवडाभर आधी समाजाच्या बैठकीत सांगितलं होतं, "आपलं एकही मत फुटायला नको." तेव्हाही मी मान हलवली होती. फक्त त्या दिवशी त्याला 'गठ्ठा' नाही, 'एकी' म्हणत होते.

आता आकडे बघा. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी मालेगाव मध्य हा विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेत येतो. तिथे मुस्लीम मतदार बहुसंख्य आहेत. बच्छाव यांना एकट्या तिथे सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी मिळाली. उरलेल्या पाचही ठिकाणी, म्हणजे धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव बाह्य आणि बागलाणमध्ये, भामरे पुढे होते. मालेगावच्या आघाडीला राज्याच्या राजकारणात 'व्होट जिहाद' असं नाव पडलं. बाकी पाच ठिकाणच्या आघाडीला कुणी काहीच नाव दिलं नाही. आणि मालेगावकरांनी ही मतं दिली कुणाला? नाशिकच्या माजी महापौर असलेल्या एका हिंदू बाईंना.

तुम्ही म्हणाल, हे धर्माचं झालं, आपण जळगावचे पोरं असलं काही बघत नाही. खरंच? इथे कॉलेजच्या कट्ट्यावर उमेदवाराचं नाव निघालं, की पहिला प्रश्न काय असतो? "कोणत्या समाजाचा?" मग लेवा किती, मराठा किती, गुजर किती, कोळी किती, याचा हिशोब चहा संपायच्या आत तोंडपाठ. परवा एका मित्राला विचारलं, त्याला मत का देणार? म्हणाला, "आपला मानूस शे ना, बस!" चर्चा संपली.

याच मित्राला राखीव जागेबद्दल विचारा. आपल्याकडे चोपडा, साक्री आणि शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, भुसावळ अनुसूचित जातींसाठी. तिथल्या उमेदवाराचं नाव काढलं, की तो लगेच विचारतो, "शिक्षण किती? काम जमेल का?" प्रश्न अगदी बरोबर आहेत. पण खुल्या जागेवरच्या 'आपल्या माणसाला' ते का नाही विचारत? एकाची मार्कशीट बघायची आणि दुसऱ्याचं फक्त आडनाव, हा कुठला न्याय?

कायद्यानेही यात रेघ ओढली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123(3) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. 2 जानेवारी 2017 रोजी सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला. उमेदवाराचीच नाही, तर मतदाराची जात किंवा धर्म काढून मत मागणंही त्यात येतं. पण विरोधातल्या तीन न्यायमूर्तींचं म्हणणंही वाचण्यासारखं आहे. ज्यांच्यावर जातीमुळे अन्याय झाला, त्यांनी तो प्रचारात मांडायचाच नाही का, असा त्यांचा मुद्दा होता.

तो मला पटतो. कारण 'आपला माणूस' प्रत्येक वेळी चुकीचाच असतो असं नाही. 1932 च्या पुणे करारात राखीव जागा आल्या त्या उगाच नाही. ज्यांना कुणी उभंच राहू देत नव्हतं, त्यांचा आवाज सभागृहात पोचावा म्हणून आल्या. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाला वाटलं, आपल्यातला कुणी तरी विधानसभेत बसावा, तर त्याला जातीयवादी म्हणताना दहादा विचार करायला हवा. ज्यांचे आमदार वर्षानुवर्षं निवडून येत आहेत, त्यांची 'एकी' आणि ही मागणी एकाच तराजूत कशी तोलणार?

म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. जो शब्द दुसऱ्यांसाठी वापरते, तोच स्वतःच्या समाजासाठी वापरून बघायचा. टोचला, तर कुठे तरी पाणी मुरतंय.

दुसरा उपाय याहून सोपा. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं असतं. लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. मित्राला सांगा, नाव आणि आडनाव झाकून चार-पाच जणांची शपथपत्रं पाठव. मग ठरवा, यातला कोण चालेल. झाकलेलं नाव शेवटी उघडा.

20 मे 2024 ला मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. शाई लावलेल्या बोटाचा सेल्फी अजून मोबाईलमध्ये आहे. पण ज्याला मत दिलं, त्याचं शपथपत्र मी उघडूनही बघितलं नव्हतं. घरात सांगितलं होतं, बटण दाबलं. दुसऱ्यांना गठ्ठा म्हणताना त्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी मीच होते.

पुढच्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवलंय. तुमचं काय?