भूक मोजायला शिकूया

नागभीड भागात धान पिकते. तरी रोवणीच्या दिवसांत कित्येक घरांत तांदूळ संपतो. बाई सगळ्यांना वाढते आणि स्वतः पेजेवर भागवते. उद्या चूल पेटेल का, याची ही कायमची चिंता म्हणजेच अन्न असुरक्षितता.

भूक आपल्याला दिसते, पण सरकारदरबारी आकडा लागतो. नागपुरात डॉक्टर झालेल्या अभय बंग यांनी तो मांडला. रोजगार हमीची मजुरी तेव्हा रोज ४ रुपये होती. मजुराला लागणाऱ्या अन्नाचा हिशेब करून त्यांनी १२ रुपये हवेत हे दाखवले आणि मजुरी वाढली. पुढे ते आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले. १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्था काढली. तेथील ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या गावच्याच बायांनी १९९५-९६ मध्ये नवजात बाळांची वजने घेतली. १०० पैकी ४२ बाळे अडीच किलोच्या आत भरली. आईची उपासमार बाळाच्या वजनात उतरते.

आपल्या वस्तीत कोण मोजणार? गेल्या १२ महिन्यांत पैशाअभावी जेवण चुकले का, घरातले अन्न संपले का, दिवसभर उपाशी राहिलात का, असे आठ प्रश्न जगभर विचारतात. विहारात वही ठेवा. नर्सिंग, बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींनी ती भरावी आणि पुढे सार्वजनिक आरोग्य शिकावे. बाबासाहेबांनी अर्थशास्त्र शिकून ते समाजाच्या कामी लावले. आपणही तेच करू.

जय भीम!