साथीचे गणित आणि संगणकाची भाषा

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली व पुढे ती पुण्यात पोहोचली. रुग्णांची सेवा करताना याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्यानंतरही प्लेग अनेक वर्षे परतून येत राहिला. मुंबईतील मृत्यूंची आठवड्यागणिक नोंद होत असे. त्यांपैकी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील आकडे घेऊन कर्मॅक व मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ साली साथीचे गणित मांडले. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राहिलेले होते.

या गणितात समाजाचे तीन गट असतात : रोग होऊ शकेल असे, बाधित आणि रोगातून सुटलेले. प्रत्येक गट क्षणोक्षणी किती वेगाने बदलतो हे सांगणारे समीकरण म्हणजे अवकल समीकरण. समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. वस्ती १०००, बाधित एक. एक बाधित रोज सरासरी ०.४ जणांना रोग देतो आणि बाधितांपैकी पाचवा हिस्सा रोज बरा होतो. म्हणजे बाधितांची संख्या पहिल्या दिवशी १ वरून १.२, दुसऱ्या दिवशी सुमारे १.४४ होते. मात्र रोग होऊ शकेल अशी माणसे ५०० वर आली की साथ ओसरू लागते. ती संपण्यासाठी सर्वांनाच रोग व्हावा लागत नाही.

असा हिशोब संगणक लहान लहान पावलांनी करतो; तेच समीकरण त्याला हजारो वेळा सोडवावे लागते. येथे भाषेचा प्रश्न येतो. मावची बोलणाऱ्या आजींना दवाखान्यातील सूचना दुभाष्याकडून प्रत्येक वेळी वाक्यागणिक समजावून घ्याव्या लागल्या तर वेळ जातो. एकदाच त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रण करून ठेवले तर तेच पुन्हा पुन्हा ऐकवता येते. संगणकाचेही तसेच आहे. समीकरणे सी किंवा फोर्ट्रान भाषेत लिहून कंपायलर नावाच्या अनुवादकाकडून एकदाच यंत्रभाषेत उतरवतात. तयार झालेली फाईल सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर चालू असतानाच त्यात भरता येते. ‘आर’ या मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘डीसॉल्व्ह’ या संचात ही सोय आहे. आपल्या खांडबारा स्थानकावरून जाणाऱ्या गाडीचे इंजिन तेच राहून डबे बदलावेत, तसा समीकरणे सोडवणारा भाग तोच राहतो. प्लेग, हिवताप वा धरणाच्या पाण्याचे प्रतिमान तेवढे बदलून जोडायचे.

वेग वाढतो, पण एक गोष्ट दृष्टीआड होते. यंत्रभाषेतील फाईल माणसाला सहज वाचता येत नाही. तिच्यात कोणती गृहीतके भरली आहेत हे बाहेरून दिसत नाही. कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी आपली गृहीतके उघड लिहिली होती : माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे आणि प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखीच आहे. त्यांनी ती लिहून ठेवली, म्हणूनच पुढील अभ्यासकांना त्यांतील उणिवा दाखवता आल्या. माणसांच्या बाबतीत अशी समानता गृहीत धरणे तर अधिकच धोक्याचे. दाटीच्या चाळीतील मजूर आणि बंगल्यातील मालक यांना साथीचा धोका सारखा नसतो.

म्हणून कोणत्याही प्रतिमानाची मूळ संहिता खुली असावी, असे आमचे मत आहे. अभियांत्रिकी शिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी ती वाचावी, गृहीतके तपासावीत आणि सुटीत येथे आल्यावर वरचे हजार वस्तीचे उदाहरण दहावीच्या मुलांकडून संगणकावर करून घ्यावे. आकड्यांत मोजले गेलेल्यांच्या लेकरांना आता आकडे मांडताही आले पाहिजेत.